घरातील दोन इंटरनेट लाइन एकत्र चालवताना: तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

दुसरी लाइन घेतली की नेट दुप्पट वेगाने चालेल, अशा अपेक्षेने दोन्ही कंपन्यांचे डबे एकाच नेटवर्क स्विचला (अनेक केबल एकत्र जोडणाऱ्या पेटीला) जोडले जातात आणि त्या दिवसापासून घरातील नेट पूर्वीपेक्षाही वाईट चालू लागते. नाशिकमध्ये ओळखीच्यांच्या घरी हे दुरुस्त करायला मी इतक्यांदा गेलो आहे की, चूक कुठे होते हे आता क्रमाने लिहून ठेवणे मला गरजेचे वाटते. चूक बहुधा उपकरणात नसते, ती क्रमात असते. मोजमाप न करता खरेदी होते, आणि प्रत्येक लाइन स्वतंत्रपणे न तपासता दोन्ही एकदम जोडल्या जातात.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. पंचवटीतून गोदावरी ओलांडायला दोन पूल असले, तरी एक रिक्षा एकाच वेळी दोन्ही पुलांवरून जात नाही. पन्नास रिक्षा मात्र दोन पुलांवर वाटून जाऊ शकतात. घरगुती राउटर दोन लाइन ‘जोडतो’ म्हणजे नेमके हेच करतो. तो प्रत्येक नवी जोडणी या किंवा त्या लाइनवर पाठवतो, आणि ती जोडणी संपेपर्यंत त्याच लाइनवर राहते. याला लोड बॅलन्सिंग म्हणतात. एक लाइन बंद पडल्यावर सगळे काम दुसरीवर जाणे म्हणजे फेलओव्हर. एकाच फाइलचे किंवा एकाच व्हिडिओ कॉलचे तुकडे करून ते दोन्ही लाइनवरून पाठवणे ही तिसरी गोष्ट असून तिला बाँडिंग म्हणतात. त्यासाठी पलीकडच्या टोकाला ते तुकडे पुन्हा जुळवणारा सर्व्हर लागतो. म्हणून १०० एमबीपीएसच्या दोन लाइन असलेल्या घरात चार माणसांना मिळून २०० मिळू शकतात, पण एका माणसाच्या एका कॉलला १००पेक्षा जास्त मिळत नाहीत.

टप्पा १: तीन दिवस मोजमाप

खरेदीच्या आधी सध्याची लाइन मोजावी. लॅपटॉप केबलने थेट कंपनीच्या डब्याला, म्हणजे ओएनटीला जोडावा, लॅपटॉपचे वायफाय बंद करावे आणि सकाळी, दुपारी व रात्री नऊ ते दहाच्या दरम्यान वेग मोजावा. डाउनलोड, अपलोड आणि पिंग (निरोप जाऊन उत्तर परत येईपर्यंतचा वेळ) हे तिन्ही आकडे वहीत लिहावेत. पुढे सरासरी कामाला येत नाही. तिन्ही दिवसांतला सर्वांत वाईट आकडा, म्हणजे सर्वांत कमी वेग आणि सर्वांत जास्त पिंग, कामाला येतो.

एककाची गफलत इथेच होते. प्लॅनवरील १०० एमबीपीएस हे मेगाबिट असतात आणि डाउनलोडच्या खिडकीत दिसतात ते बहुधा मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट होतो, त्यामुळे १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला सुमारे १२ मेगाबाइट दिसले तर लाइन पूर्ण वेगाने चालली आहे.

नंतर तीच चाचणी, ज्या खोलीत नेट हळू चालल्याची तक्रार आहे तिथे वायफायवर करावी. केबलवर ९५ आणि आतल्या खोलीत १८ असे आकडे आले, तर दुसरी लाइन घेऊन काहीही सुधारणार नाही. दोन आरसीसी भिंतींपलीकडे बसून २.४ गीगाहर्ट्झच्या गर्दीच्या पट्ट्यावर चालणारा फोन हेच तिथले दुखणे आहे. त्या खोलीपर्यंत केबल ओढून तिथे दुसरा वायफाय पॉइंट बसवणे हा त्याचा उपाय असून तो दर महिन्याच्या दुसऱ्या बिलापेक्षा स्वस्त पडतो. माझ्या अंदाजाने हा लेख उघडणाऱ्या निम्म्या वाचकांचे काम याच टप्प्यावर संपावे.

तपासणी: केबलवर मोजलेला वेगच रात्री निम्म्याखाली जात असेल, लाइन महिन्यातून अनेकदा बंद पडत असेल किंवा घरातील एकत्रित वापराला ती खरोखर पुरत नसेल, तरच पुढे जावे.

टप्पा २: दुसरी लाइन वेगळ्या वाटेने येणारी हवी

कंपनी वेगळी म्हणजे वाट वेगळी, असे गृहीत धरू नये. इंदिरानगरमधील माझ्या घरी सुरुवातीला दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे फायबर होते आणि मी निश्चिंत होतो. एका दुपारी कोपऱ्यावर जेसीबीने रस्ता उकरला आणि दोन्ही डब्यांवरचे लाल दिवे एकदमच लागले. गच्चीवर जाऊन पाहिले, तेव्हा दोन्ही काळ्या तारा एकाच खांबावरून एकाच दिशेने गेलेल्या होत्या. दोन वर्षे मी दोन बिले भरत होतो, पण रस्ता एकच होता. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे आणि त्याच्या तयारीसाठी शहरात रस्त्यांची कामे चालू आहेत, त्यामुळे ही बाब सध्या विशेष महत्त्वाची आहे.

म्हणून नवी लाइन ठरवण्याआधी गच्चीवरून जुनी तार डोळ्यांनी खांबापर्यंत शोधावी आणि नव्या कंपनीच्या लाइनमनला दोन प्रश्न विचारावेत: तुमची तार कोणत्या बाजूने येणार, आणि वीज गेल्यावर गल्लीतल्या तुमच्या पेटीला बॅकअप आहे का? दोन्ही फायबर एकाच खांबावरून येणार असतील, तर दुसरी लाइन फायबरऐवजी ५जी एअरफायबर प्रकारची, म्हणजे मोबाइल टॉवरवरून बिनतारी येणारी, घ्यावी. तिचे पिंग फायबरपेक्षा जास्त आणि कमी-अधिक होणारे असते, पण जमिनीवरच्या खोदकामाशी तिचा थेट संबंध नसतो. एक फायबर आणि एक ५जी ही जोडी मला घरासाठी सर्वांत योग्य वाटते.

‘अनलिमिटेड’ या शब्दामागची मर्यादाही वाचून घ्यावी. अनेक फायबर प्लॅनमध्ये ती महिन्याला ३३०० जीबी असते आणि ५जी एअरफायबरमध्ये १००० जीबीच्या आसपास. ती ओलांडली की वेग कमी होतो, म्हणून मोठ्या बॅकअपचे काम ५जी लाइनवर टाकू नये.

सावधान: फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण ५जीच्या गच्चीवरील यंत्रापासून घरात येणारी तांब्याची केबल वाहून नेते. मे-जूनमध्ये वळवाच्या पावसाची चिन्हे दिसताच, विजा कडाडू लागण्यापूर्वी, ती बाजू आडाप्टरसह काढून ठेवावी आणि घरातील अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्यावे.

टप्पा ३: सामान

साध्या वायफाय राउटरला बाहेरची लाइन घेणारे, म्हणजे वॅनचे, एकच पोर्ट असते. दोन लाइनसाठी मल्टी-वॅन राउटर लागतो. ज्यांना सेटिंगच्या पानावर फार वेळ घालवायचा नाही, त्यांनी टीपी-लिंक ईआर६०५ घ्यावा. त्याच्या पाच गीगाबिट पोर्टांपैकी एकाहून अधिक पोर्ट वॅन म्हणून लावता येतात. शिकायची तयारी असेल तर मायक्रोटिक हेक्स अधिक मुभा देतो, पण तो चुकीच्या सेटिंगलाही तितकीच मुभा देतो. जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचे मुक्त सॉफ्टवेअर) चालत असेल, तर त्यातील एमवॅन३ हे पॅकेज हेच काम करते. ईआर६०५ आणि साधा हेक्स या दोन्हींत वायफाय नसते, हे ध्यानात ठेवावे. वायफायसाठी घरातील जुना राउटरच ॲक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वायफाय देणारे उपकरण, म्हणून वापरावा.

केबल कॅट ५ई किंवा कॅट ६ आणि आठही तारा जोडलेली असावी. चारच तारा जोडलेली केबल १०० एमबीपीएसवर अडकते आणि दोष मग राउटरला दिला जातो.

वीज गेल्यावरही नेट चालू राहावे, यासाठी मिनी यूपीएस घेताना प्रत्येक आडाप्टरवरील लेबल वाचावे. एक उपकरण १२ व्होल्टचे आणि दुसरे ९ व्होल्टचे असू शकते; पिन बसते म्हणून जोडल्यास उपकरण जळू शकते. सर्व उपकरणांच्या अँपिअरची बेरीज यूपीएसच्या क्षमतेत बसली पाहिजे.

टप्पा ४: पत्ते आधी कागदावर

सर्वाधिक घरे या टप्प्यावर अडतात, म्हणून इथे घाई करू नये.

अनेक ओएनटींचा स्वतःचा पत्ता (आयपी ॲड्रेस) १९२.१६८.१.१ असतो. दोन्ही डब्यांचा पत्ता तोच असेल, तर राउटरला दोन्ही वॅनवर एकच गल्ली दिसते आणि कोणता निरोप कोणत्या दाराने पाठवायचा हे त्याला ठरवता येत नाही. लक्षण ठरलेले असते: एकेक लाइन जोडली की चालते, दोन्ही जोडल्या की दोन्ही अडखळतात. त्यामुळे उपकरणांना हात लावण्यापूर्वी कागदावर तीन ओळी लिहाव्यात. पहिला डबा १९२.१६८.११.१, दुसरा डबा १९२.१६८.१२.१ आणि घरातील जाळे १९२.१६८.५०.१. राउटरच्या पानावर हे आकडे इंग्रजी अंकांत भरावेत. एखाद्या कंपनीचा डबा पत्ता बदलू देत नसेल, तर दुसऱ्या डब्याचा आणि घरातील जाळ्याचा पत्ता बदलला तरी पुरते. तिन्ही एकमेकांपासून वेगळे असणे एवढीच अट आहे.

बदल करण्यापूर्वी डब्याच्या सेटिंगच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पीपीपीओईचे (कंपनीच्या लाइनवर लॉगिन करण्याच्या पद्धतीचे) युजरनेम आणि व्हीलॅन क्रमांक (लाइनवरील वाहतूक वेगळी ओळखणारा क्रमांक) एकदा पुसले गेले, की कंपनीच्या माणसाची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

डबा ब्रिज मोडवर टाकावा का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. ब्रिज मोडमध्ये डबा फक्त लाइन पुढे देतो, राउटर स्वतः लॉगिन करतो आणि पत्त्याचे दुहेरी भाषांतर (आधी राउटरमध्ये, मग डब्यात) टळते. मात्र त्यासाठी युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक कंपनीकडून मिळवावे लागतात. ब्राउझिंग, व्हिडिओ कॉल आणि टीव्ही एवढाच वापर असेल, तर दुहेरी भाषांतराने काहीही बिघडत नाही. बाहेरून थेट घरातील कॅमेऱ्यापर्यंत पोहोचायचे असेल तेव्हाच तो प्रश्न येतो. त्यातही राउटरच्या वॅनवरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि ब्रिज मोड करूनही बाहेरून थेट येता येणार नाही.

सावधान: दोन्ही ओएनटींच्या लॅन, म्हणजे घराकडच्या, पोर्टमधून केबल काढून एकाच स्विचमध्ये कधीही घालू नयेत. दोन्ही डबे घरातील फोनांना पत्ते वाटू लागतात आणि कोणता फोन कोणत्या लाइनवर आहे हे कोणालाच सांगता येत नाही. विंडोजमधील ‘ब्रिज कनेक्शन्स’ हा पर्यायही वेग जोडण्यासाठी नाही. लॅपटॉपला एका लाइनची केबल आणि दुसऱ्या लाइनचे वायफाय एकाच वेळी लावले, तरी विंडोज त्यांतील एकाच वाटेला पसंती देते.

टप्पा ५: एका वेळी एकच लाइन

नव्या राउटरला आधी फक्त पहिली लाइन जोडावी, लॅपटॉप केबलने राउटरला लावावा आणि वेग मोजावा. टप्पा १ मधील आकड्याच्या जवळपास आकडा आला, की ती केबल काढून फक्त दुसरी लाइन दुसऱ्या वॅन पोर्टला लावावी आणि तसेच मोजावे. पीपीपीओई राउटरवर घेतले असेल आणि काही साइट उघडतात तर काही अर्धवट लटकतात असे दिसले, तर एमटीयू (एका वेळी पाठवल्या जाणाऱ्या तुकड्याचा कमाल आकार) १४९२ आहे का ते पाहावे.

आता जुन्या वायफाय राउटरचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करावा, त्याला १९२.१६८.५०.२ हा पत्ता द्यावा आणि नव्या राउटरकडून येणारी केबल त्याच्या वॅनमध्ये न घालता लॅन पोर्टमध्ये घालावी. दोन्ही ओएनटींचे वायफाय बंद करावे. हे राहिले, तर घरातील निम्मे फोन जुन्याच नावावर जोडलेले राहतात आणि नव्या मांडणीचा त्यांना काहीही उपयोग होत नाही.

आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) सुरुवातीला घरातील जाळ्यावर बंद ठेवावे. लाइन वाटण्याचे नियम अनेक राउटरमध्ये फक्त आयपीव्ही४ला लागू होतात, त्यामुळे आयपीव्ही६वरील वाहतूक एकाच लाइनने जात राहते आणि ‘वाटणी होतच नाही’ अशी शंका येते.

टप्पा ६: लाइन जिवंत आहे की नाही, हे राउटरला कळावे

राउटर ‘लाइन चालू आहे’ असे कशावरून ठरवतो? सेटिंग तसेच सोडले, तर बहुधा शेजारच्या डब्यावरून. बाहेर फायबर तुटले तरी ओएनटी टेबलावर जिवंतच असतो आणि पिंगला उत्तर देत राहतो. राउटरला सारे ठीक वाटते, निम्म्या जोडण्या तो मेलेल्या लाइनवर पाठवत राहतो, आणि घरात प्रत्येक दुसरे पान उघडत नाही.

म्हणून तपासणीचा पत्ता डब्याच्या पलीकडचा द्यावा. पहिल्या लाइनसाठी १.१.१.१ आणि दुसरीसाठी ८.८.८.८ हे चालतात. राउटर परवानगी देत असेल, तर प्रत्येक लाइनला दोन पत्ते द्यावेत आणि दोन्हींनी उत्तर न दिल्यासच लाइन मेली असे मानायला सांगावे. दर पाच ते दहा सेकंदांनी तपासणी आणि सलग तीन अपयशांनंतर बदल, हे प्रमाण घरासाठी ठीक आहे. एका अपयशावर बदल ठेवला, तर ५जी लाइन दिवसातून अनेकदा विनाकारण बाद होते.

मायक्रोटिक वापरणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती शोधण्यात माझे दोन दिवस गेले. तपासणीचा पत्ता विशिष्ट लाइनला बांधला, की घरातून त्या पत्त्याकडे जाणारी सगळीच वाहतूक त्या लाइनने जाते. तोच पत्ता घरातील फोनांना डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणून दिलेला असेल, तर ती लाइन पडल्यावर दुसरी लाइन धडधाकट असूनही एकही साइट उघडत नाही. तपासणीचे पत्ते आणि डीएनएसचे पत्ते वेगळे ठेवावेत. डीएनएस म्हणून एका कंपनीचा स्वतःचा सर्व्हरही देऊ नये, कारण दुसऱ्या कंपनीच्या लाइनवरून तो उत्तर देईलच असे नाही.

तपासणी: राउटरची केबल काढून पाहणे ही खरी परीक्षा नव्हे; केबल निघाल्याचे कोणत्याही राउटरला कळते. ओएनटीच्या मागची फायबरची पिन हलक्या हाताने काढावी, तिच्या टोकाला बोट लावू नये, टोकात डोळा घालून पाहू नये आणि तार दुमडू नये. अर्ध्या मिनिटाच्या आसपास सगळी पाने दुसऱ्या लाइनवर उघडू लागली पाहिजेत. चालू असलेला कॉल एकदा तुटून पुन्हा जोडला जाईल, हे अपेक्षितच आहे.

टप्पा ७: वाटणी आणि अपवाद

आता दोन्ही लाइन एकत्र चालू कराव्यात. वाटणीचे प्रमाण प्लॅनवरील आकड्यांवरून न ठरवता वहीतील किमान आकड्यांवरून ठरवावे. रात्रीही फायबर ९० आणि ५जी ४५ देत असेल, तर प्रमाण २:१. काही राउटर लाइनची क्षमता किलोबिटमध्ये विचारतात. तिथे ९० एमबीपीएससाठी ९०००० लिहावे. हा रकाना मूळ आकड्यावर तसाच सोडला, की दोन्ही लाइन सारख्याच धरल्या जातात आणि कमकुवत लाइन गुदमरते.

वाटणी सुरू झाली की पहिली तक्रार बँकेची येते. लॉगिन एका लाइनवरून झाले आणि पुढचे पान दुसरीवरून मागितले गेले, तर बँकेला मधेच पत्ता बदललेला दिसतो आणि ती बाहेर काढते. यावर घाईने केला जाणारा उपाय म्हणजे सगळी एचटीटीपीएस (सुरक्षित वेब जोडणीची) वाहतूक एकाच लाइनला बांधणे. पण आज जवळजवळ सगळे वेब एचटीटीपीएसवरच चालते, त्यामुळे वाटणीच संपते. योग्य उपाय असा की, एक उपकरण एका ठिकाणाशी बोलत असताना एकाच लाइनवर टिकून राहावे. ईआर६०५मध्ये यासाठी ‘ॲप्लिकेशन ऑप्टिमाइज्ड राउटिंग’ चालू करावे, एमवॅन३मध्ये नियमाला ‘स्टिकी’ लावावे, आणि मायक्रोटिकच्या पीसीसीमध्ये (जोडण्या वाटण्याच्या पद्धतीत) वर्गीकरण दोन्ही टोकांच्या पत्त्यांवर ठेवून त्यात पोर्ट क्रमांक घेऊ नयेत.

त्यानंतर मोजकेच अपवाद लिहावेत. ऑफिसच्या व्हीपीएनवर (ऑफिसच्या जाळ्याशी सुरक्षित जोडणीवर) चालणाऱ्या लॅपटॉपला राउटरमध्ये कायमचा पत्ता द्यावा आणि तो फायबरला बांधावा, मात्र फायबर पडल्यास तो ५जीवर जाऊ शकेल अशी मुभा त्या नियमात ठेवावी. ही मुभा विसरली, तर सर्वांचे नेट चालू असताना नेमका कामाचाच लॅपटॉप बंद राहतो. टीव्ही आणि मोठी डाउनलोड कोणत्या लाइनला बांधायची, हे महिन्याच्या मर्यादेवर ठरवावे. माझ्या घरी असे चारच नियम आहेत. वीस नियम लिहिलेल्या घरांत पुढे कोणता नियम कशासाठी होता, हे कोणालाच आठवत नाही.

तपासणी: वेग मोजणाऱ्या साइट बहुधा एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतात, म्हणून तिथे कधी दोन्ही लाइनची बेरीज दिसते, तर उपकरण एका लाइनवर टिकवले असल्यास एकाच लाइनचा आकडा दिसतो. दोन्ही बरोबरच आहेत. खरी परीक्षा म्हणजे दोन-तीन उपकरणांवर एकाच वेळी मोठी फाइल उतरवायला लावून राउटरच्या पानावर दोन्ही वॅनचे आकडे हलताना पाहणे.

टप्पा ८: बाँडिंग खरोखर हवे असेल तर

पंचवटीतून कीर्तन थेट प्रक्षेपित करणाऱ्या किंवा लग्नाचे लाइव्ह दाखवणाऱ्या माणसाला एकाच प्रवाहासाठी दोन्ही लाइनचे अपलोड लागते, आणि त्याला लोड बॅलन्सिंगने काही मिळत नाही. त्याने स्पीडिफायसारखी मासिक शुल्काची सेवा घ्यावी, किंवा मुंबईतील डेटा सेंटरमध्ये भाड्याचा सर्व्हर घेऊन ओपनएमपीटीसीपीराउटर बसवावा. सर्व्हर जितका दूर तितके पिंग वाढते. दोन लाइनच्या पिंगमध्ये मोठा फरक असेल, तर बेरीज कागदावरच्या आकड्यापेक्षा बरीच कमी भरते. शिवाय सगळी वाहतूक सर्व्हरच्या पत्त्यावरून बाहेर पडते, त्यामुळे काही चित्रपटांच्या सेवा आणि बँका ती नाकारतात. म्हणून फक्त प्रक्षेपणाचा लॅपटॉप बाँडिंगवर ठेवून बाकीचे घर साध्या वाटणीवर ठेवावे.

टप्पा ९: महिन्यातून एकदा

महिन्याच्या एखाद्या रविवारी फायबर दहा मिनिटे बंद ठेवून घर ५जीवर चालते का ते पाहावे, मग उलटे करावे. पडलेली लाइन दुसरीमुळे लक्षातच येत नाही. माझ्या एका शेजाऱ्यांची दुसरी लाइन रिचार्ज संपल्याने सात आठवडे बंद होती आणि ते त्यांना पहिली लाइन तुटली त्या संध्याकाळी कळले. राउटर लाइन पडल्याचा निरोप मोबाइलवर पाठवू शकत असेल, तर तो चालू करावा. दोन्ही लाइनच्या रिचार्जच्या तारखांमध्ये किमान दहा दिवसांचे अंतर ठेवावे. राउटरच्या सेटिंगचा बॅकअप घेऊन तो पेनड्राइव्हवर ठेवावा.

शेवटी एक कार्ड लिहून राउटरशेजारी भिंतीला चिकटवावे: कोणती केबल कोणत्या कंपनीची, दोन्हींचे ग्राहक क्रमांक, तक्रारीचे फोन आणि तीन पत्त्यांच्या त्या तीन ओळी. केबलच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप लावावी, फायबरला लाल आणि ५जीला निळी, म्हणजे आपण घरी नसताना आईने फोन केला तरी ‘निळी टेप असलेल्या डब्याचे बटण बंद करून पुन्हा चालू कर’ एवढे सांगून काम होते.